पत्ता अस्पष्ट

४ ऑगस्ट

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढलाय. रागावलो नाही. आठ तास कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला घरी फोन वाजला तरी अंगावर काटा येत असेल, हे मला पटतं. मेसेज केला तर तू नुसतं 'हो' लिहितेस, आणि तुझ्या 'हो'चा काहीही अर्थ होऊ शकतो. त्यापेक्षा पत्र बरं.

आईला सांग, कोर्सचं नाव अजून तेच आहे, डिझाइन थिंकिंग आणि डिजिटल इनोव्हेशन. गेल्या वेळी ती म्हणाली, "विचार करायला आत्ता शिकवतायत, तर इतकी वर्षं डोकं कशाला वापरत होतास, टोपी घालायला?" हे मी वर्गात सांगितलं तेव्हा आमच्या बाई पण हसल्या. बाई म्हणजे आमच्या मुख्य प्राध्यापक. त्यांचं म्हणणं सरळ आहे. कुठलीही वस्तू बनवायच्या आधी ती ज्याच्या हातात जाणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा. तो काय म्हणतो ते लिहा, आणि काय म्हणायचं टाळतो तेही लिहा. मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर मी आठ वर्षं हेच करत होतो, फक्त त्याला विद्या म्हणतात हे माहीत नव्हतं. वर्गात मीच सगळ्यात मोठा. एकतिसाव्या वर्षी मला सगळे 'काका' म्हणतात.

आता कामाचं. या सत्राचा प्रकल्प आम्हाला मिळालाय तो रुग्णवाहिकेच्या हेल्पलाइनचा. म्हणजे तुझाच विभाग. फोन आल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ कमी कसा करायचा, हा प्रश्न. आमच्या गटात तिघं आहोत: मी, कोड लिहिणारा एक मुलगा ज्याला सगळे 'गणित' म्हणतात, आणि चित्रं काढणारी 'रंगारी'. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. पण त्यावर लिहिलेलं सगळं आमच्याच मनातलं आहे.

तू मला एक पाळी लिहून पाठव. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत. जे फॉर्मवर लिहिता येत नाही ते लिही.

तुझा,
खटपट्या

१९ ऑगस्ट

खटपट्या,

चौदा खुर्च्या. खिडक्यांना आतून रंग दिलेला, कारण पूर्वी कुणीतरी म्हणालं की बाहेर बघितलं की लक्ष उडतं. हेडफोनचा स्पंज सगळ्यांना एकच, म्हणून मी माझा वेगळा शिवून घेतलाय आणि पर्समध्ये ठेवते. बाकीच्या हसतात, पण कानाला खाज त्यांच्या सुटते.

फोन आला की पहिला प्रश्न "काय झालं" हा नाही. पहिला प्रश्न "कुठे". लाइन तुटली तर निदान कुठे जायचं ते कळलेलं असावं. नवीन मुलींना हे शिकवायला महिना लागतो, कारण माणसाचा स्वभाव असा की कुणी रडत असलं की आधी काय झालं विचारायचं. मी पत्ता टाइप करते, खाली यादी येते, त्यातली ओळ निवडून कळ दाबायची. गाडी सुटते. मग "काय झालं".

सगळे फोन काही मरणाचे नसतात. एक आजोबा रोज सकाळी फोन करून सांगतात, "आज गाडी पाठवू नका, मी बरा आहे." आम्ही त्यांना रागवत नाही. ज्या दिवशी त्यांचा फोन येणार नाही त्या दिवशी काय करायचं, हे आम्ही आपसात ठरवून ठेवलंय. हे कुठल्या नियमात बसत नाही. तू लिहू नकोस.

तू म्हणालास, फॉर्मवर न लिहिता येण्यासारखं लिही. मग हे घे. मार्च महिन्यात आमच्यातल्या एका बाईच्या हातून एक गाडी चुकीच्या पत्त्यावर गेली. संध्याकाळी पाच वाजायला दहा मिनिटं होती, पाळी संपत आलेली. फोनवर एक माणूस होता, अगदी शांत. बायकोला श्वास घेता येत नव्हता. गावात उद्यान मार्ग नावाचे दोन रस्ते आहेत, एक जुन्या भागात, एक नव्या वसाहतीत. गाडी जुन्या भागात गेली. तिथून परत फिरून पोचायला एकोणीस मिनिटं लागली. तोवर त्याची बायको गेली होती. जिने फोन घेतला तिने कळ दाबताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. हे कुणाला माहीत नाही. त्या दिवसापासून ती डब्यातलं घशाखाली उतरवते ते फक्त शेजारचीने विचारू नये म्हणून.

आई बरी आहे. गुडघा बोलतो, ती त्याला उलट बोलते.

ताई

२ सप्टेंबर

ताई,

तू सोनं पाठवलंस. खरंच सांगतो, तीन आठवडे आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, तुझं पत्र आलं आणि सगळं हललं. तो मार्चचा परिच्छेद बाईंनी वर्गात मोठ्याने वाचला.

आम्हाला दिशा सापडलीय. यंत्र थकत नाही, यंत्राची पाळी संपत नाही, यंत्र घड्याळाकडे बघत नाही. मग पहिला 'कुठे' यंत्रालाच विचारू दे. फोन करणारा बोलेल, यंत्र पत्ता ओळखेल, आणि माणूस लाइनवर येईल तो धीर द्यायला. रंगारीने त्या बाईचं चित्र काढलंय, पाठमोरी, मान घड्याळाकडे वळलेली. 'थकलेली ताई' असं नाव दिलंय. तुझ्यावरून नाही, इथे सगळ्या बायकांना ताईच म्हणतात.

त्या तुझ्या सहकारी बाईंशी मला बोलता येईल का? नाव नको, गाव नको. फक्त त्या क्षणी मनात काय होतं, एवढं हवंय. सव्वीस तारखेला सादरीकरण आहे आणि तुमच्या विभागाचे वरचे लोक परीक्षक म्हणून येणार आहेत. त्यांना आवडलं तर आमचं मॉडेल चाचणीला घेतील, आणि आम्हा तिघांना तिथेच काम. एकतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसल्याचं चीज होईल.

खटपट्या

१४ सप्टेंबर

खटपट्या,

तो परिच्छेद वापरू नकोस. चित्रही काढून टाक. कारण विचारू नकोस.

बाकी हवं ते वापर. आजोबांचं वापरलंस तरी चालेल.

ताई

२८ सप्टेंबर

ताई,

आधी जे सांगायला नको वाटतंय ते सांगतो. तुझं पत्र मला वेळेत मिळालं होतं. सादरीकरणाच्या आधी आठ दिवस. मी ते वहीत ठेवलं आणि गटाला दाखवलं नाही. मनाशी म्हटलं, नाव कुणाचंच नाही, मी वेळ बदलून सकाळची केली, रस्त्याचं नाव गाळलं, मग कुणाचं काय जातंय. दोन रस्त्यांचा गोंधळ आणि एकोणीस मिनिटं तेवढी ठेवली. ती काढली असती तर उरलंच काय असतं?

आम्ही पहिले आलो. टाळ्या झाल्या. मग परीक्षकांतले एक गृहस्थ, करडा शर्ट, फारसं न बोलणारे, उभे राहिले.

"हा प्रसंग कुठून मिळाला?"

"सर, संशोधनातून."

"कुणाकडून?"

"ते गोपनीय आहे, सर."

ते हसले. म्हणाले, "बरोबर आहे, असंच असायला हवं." मग माझ्या छातीवरचं ओळखपत्र वाचलं. आडनाव वाचताना त्यांचे ओठ हलले.

त्यांनी काही म्हटलं का तिथे? ती बाई अडचणीत येणार नाही ना? लगेच लिही. 'हो' किंवा 'नाही' एवढं लिहिलंस तरी चालेल.

खटपट्या

९ ऑक्टोबर

खटपट्या,

अडचणीत आलीय. ती बाई मी आहे.

तू ओळखशील असं मला वाटलं होतं. पहिलं पत्र टाकल्यावर दोन दिवस मी वाट बघत होते की तू लिहिशील, ताई, हे तूच ना? तुझ्या बाईंनी शिकवलंय म्हणतोस, माणूस काय म्हणायचं टाळतो तेही लिहा. तू चित्र काढून घेतलंस.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. दार लोटून घेतलं. म्हणाले, "तुमचा भाऊ विद्यापीठात असतो का?" मी हो म्हटलं. टेबलावर मार्चची फाइल होती. माझ्याच अक्षरातली नोंद वर होती.

आता उरलेलं पण ऐक, कारण दुसरीकडून कळलं तर ते आणखी वाईट होईल. गाडी चुकीच्या ठिकाणी पोचल्याचा निरोप आला तेव्हा मी आधी ती परत फिरवली, आणि मग नोंदवहीत दोन शब्द लिहिले. 'पत्ता अस्पष्ट.' म्हणजे फोन करणाऱ्याने नीट सांगितला नाही. तो माणूस लख्ख बोलला होता, खटपट्या. इतका लख्ख मी त्या आठवड्यात कुणाला ऐकलं नव्हतं. पण मी ते लिहिलं, आणि विभागाने त्याच दोन शब्दांवर फाइल बंद केली. मला कुणी काही विचारलं नाही. सात महिने.

आता विचारतायत. घड्याळाचं तुझ्या तोंडून कळलं, नोंद खोटी हे त्यावरून कळलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे. माझा हेडफोन शेजारणीने दुसऱ्या मुलीला दिला.

मी तुला शिव्या घालत नाहीये. जे झालं ते मीच केलं होतं, तू फक्त दिवा लावलास. पण मी नको म्हटलं होतं. तेवढं तरी ऐकायला हवं होतंस. काही दिवस मला लिहू नकोस.

ताई

१३ ऑक्टोबर

ताई,

नको म्हणालीस तरी लिहितोय. आणखी एकदा तुझं ऐकलं नाही म्हण.

काय लिहू तेच कळत नाही. तीन कागद फाडले. मी त्या साहेबांना भेटून सांगतो की सगळं मनाने रचलेलं होतं. मी इथलं सोडून येतो. तू सांगशील ते करतो. फक्त काहीतरी सांग.

खटपट्या

२ नोव्हेंबर

ताई,

वीस दिवस झाले. मी रोज टपालाच्या पेटीशी जाऊन येतो. वॉचमन आता मला बघितलं की आधीच मान हलवतो, मला आत जावं लागू नये म्हणून.

वर्गात जाऊन बसतो. समोर 'सहानुभूती' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मला तो शब्द वाचवत नाही.

खटपट्या

७ नोव्हेंबर

बाळा,

मी लिहितेय. चष्मा नीट नाही, अक्षर गोड मानून घे.

तुझी बहीण मला काही सांगत नाही, पण भिंतीला कान असतात, तसे मलाही आहेत. तुझी पत्रं तिने वाचली. फाडली नाहीत, उशीखाली आहेत. ती सकाळी पाळीच्या वेळेला उठते, कपडे करते, आणि खुर्चीत बसून राहते. स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने काढून कपाटात टाकलंय. दार वाजलं तर उघडत नाही. परवा मी अंघोळीला बराच वेळ लावला तर बाहेरून दाराला हात लावून उभी होती. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाली, "कुठे आहेस ते ऐकत होते."

मी म्हातारी बाई, मला त्या यंत्रातलं कळत नाही. पण तिचा हात मला माहीत आहे. लहानपणापासून तिने कधी मीठ साखरेच्या डब्यात टाकलं नाही. तुझ्यासारखी नाही ती. एका नजरेच्या चुकीने तिच्या हातून असं होईल हे माझ्या मनाला पटत नाही. आई आहे म्हणून म्हणतेय असं समज हवं तर.

तू माफी मागत बसू नकोस. माफीने तिचं पोट भरत नाही. तुम्हाला विचार करायला शिकवतात ना? मग कर विचार.

आई

२३ नोव्हेंबर

ताई,

उत्तर देऊ नकोस, फक्त वाच. शेवटपर्यंत.

आईचं पत्र आलं. ते वाचून मी प्रयोगशाळेत गेलो. तिथे कोपऱ्यात एक संगणक आहे, त्यात तुमच्या विभागाने जुलैतच तुमची प्रणाली शिकण्यापुरती घालून दिली होती. खोटे फोन, खोट्या गाड्या, बाकी सगळं तंतोतंत. आम्ही तो चालूच केला नव्हता. नवीन बनवायचं म्हटल्यावर जुनं कोण बघतो? चार महिने तिघं भिंतीवर चिठ्ठ्या लावत होतो आणि ते यंत्र आमच्या पाठीमागे होतं.

चार दिवस मी त्याच्यासमोर तुझ्यासारखा बसलो. तुझं पत्र शेजारी ठेवून. आधी कुठे, मग काय. नव्या वसाहतीतला उद्यान मार्ग टाकायचा, ओळ निवडायची, कळ दाबायची. दोनशे वेळा. एकशे एक्याण्णव वेळा गाडी बरोबर गेली. नऊ वेळा जुन्या भागात गेली. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, ताई. समोर घड्याळच नव्हतं.

पहिल्या दोन वेळा मला वाटलं माझा हात चुकला. मग गणितला बोलावलं आणि पडद्याचं चित्रण केलं. तुमची ती यादी स्थिर नाही. ज्या पत्त्याजवळ मोकळी गाडी आहे तो पत्ता ती वर आणते. कुठेतरी एखादी गाडी मोकळी झाली की ओळी आपोआप जागा बदलतात, तुझं बोट कळेवर उतरत असताना सुद्धा. तू वरची ओळ बघून दाबतेस, आणि दाबेपर्यंत वरची ओळ दुसरीच झालेली असते. नंतर पडद्यावर नुसतं 'उद्यान मार्ग' येतं, भाग लिहिलेला नसतो. मग चूक कळणार तरी कशी?

आणि आता माझं. आमच्या बक्षीस मिळालेल्या मॉडेलमध्ये हीच यादी आहे. आम्ही ती तुमच्याकडून उचलली आणि तिला 'जिवंत यादी' असं नाव देऊन टाळ्या घेतल्या. यंत्राने पत्ता कितीही नीट ऐकला असता तरी गाडी नऊ वेळा चुकलीच असती. आणि तेव्हा घड्याळाकडे बघणारं कुणी नसतं, म्हणजे दोष द्यायलाही कुणी नसतं.

मी हे गटाला सांगितलं. गणित म्हणाला, "काका, हे बाहेर काढलंस तर आपलं कामही गेलं." मी म्हटलं, हो. रंगारीने जाऊन तुझं चित्र भिंतीवरून काढलं. बाईंनी सगळं चित्रण दोनदा बघितलं. म्हणाल्या, "ती बाई कोण, हे मीही विचारलं नाही. वर्गात वाचून मोकळी झाले." अहवालावर माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. बक्षीस परत गेलं, आणि मला हे सत्र पुन्हा करावं लागेल.

अहवाल चौकशीकडे पाठवलाय. पण माझं कुणी ऐकेल असं नाही. तू मागणी कर. त्या दिवसाची कुठली कळ कधी दाबली गेली आणि यादी कधी बदलली, हे यंत्रात साठवलेलं असतं. ते मागव. फोनचं ध्वनिमुद्रणही मागव. तुझ्या पाया पडतो, जा आणि मागव.

खटपट्या

१२ डिसेंबर

खटपट्या,

तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा राग आला. वाटलं, हा मला सोडवायला बघतोय, स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून. चार दिवस मी ते तसंच ठेवलं. पाचव्या दिवशी आईने माझी चप्पल दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "जातेस की मी जाऊ?" तिच्या गुडघ्याने ती गेली असती तर दुसरी गाडी बोलवावी लागली असती. गेले.

काल चौकशी झाली. लांबट खोली, मधे टेबल, पलीकडे तिघं. करड्या शर्टाचे गृहस्थ मधे होते. तुझा अहवाल त्यांच्यासमोर होता, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा केलेल्या. म्हणजे वाचला होता.

आधी ध्वनिमुद्रण लावलं. माझाच आवाज, "कुठे?" मग तो माणूस. "उद्यान मार्ग, नवी वसाहत, पाण्याच्या टाकीसमोरचं पिवळं घर, तळमजला." एका दमात. मग मागे तिचा श्वास ऐकू आला. तो मला त्या दिवशी ऐकू आला नव्हता. की आला होता आणि मी विसरले, कोण जाणे.

मग यंत्राची नोंद वाचली. यादी बदलली आणि मी कळ दाबली, या दोन्हींमध्ये सेकंदाचे चार दशांश. करड्या शर्टवाले म्हणाले, "एवढ्या वेळात कुणालाही दिसलं नसतं."

मी म्हटलं, "मी घड्याळाकडे बघितलं होतं."

"बघितलं नसतं तरी."

"ते तुम्ही कशावरून सांगता?"

म्हणाले, "सांगू शकत नाही."

मग नोंदवही पुढे केली. हे कुणी लिहिलं? मी लिहिलं. का? भीतीने. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

निकाल असा. गाडी चुकली त्याचा दोष माझ्यावर नाही. यादी दुरुस्त करतायत, गेल्या दोन वर्षांतल्या आणखी काही फाइली पुन्हा उघडल्यात. खोट्या नोंदीसाठी मला फोनवरून काढलंय. एक तारखेपासून दफ्तरखान्यात. खाली, तळघरात, कपाटांमध्ये. मला ते बरोबर वाटलं.

ताई

२० डिसेंबर

ताई,

पत्र वाचून मी जिन्यातच बसलो. वॉचमन पाणी घेऊन आला.

तू सुटलीस. दफ्तरखान्याचं मनाला लावून घेऊ नकोस, वर्षभरात परत वर बोलावतील. आता तरी नीट जेव. घड्याळ कपाटातून काढ. सुट्टीला येतो तेव्हा तू मला हसताना दिसली पाहिजेस. जे झालं ते यंत्राने केलं, ताई. तू नाही. हे रोज सकाळी स्वतःला सांग.

खटपट्या

१५ जानेवारी

खटपट्या,

मी सुटले नाही. तू चांगल्या मनाने लिहिलंस हे कळतं मला, म्हणून रागावत नाही. पण यादी सरकली ते यंत्राचं, आणि ते दोन शब्द माझे. ते कुठल्याही यंत्राने लिहिले नव्हते. तळघरात फाइली लावता लावता हे रोज दिसायला लागलं, कारण इथे सगळ्यांच्या नोंदी आहेत, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर आमचं लिहिलेलं बसलेलं आहे.

फाइलमध्ये त्या माणसाला पाठवलेल्या पत्राची प्रत सापडली. विभागाने त्याला एप्रिलमध्ये कळवलं होतं, 'आपण दिलेला पत्ता अस्पष्ट असल्याने विलंब झाला.' खाली सही, शिक्का. नवीन निकालाचं पत्र अजून गेलेलं नव्हतं. वर विचारलं तर म्हणाले, जाईल यथावकाश.

रविवारी सकाळी मी गेले. टाकीसमोरचं पिवळं घर, तळमजला. विचारावं लागलं नाही, सरळ सापडलं. इतकं सोपं होतं.

दार त्यानेच उघडलं. साठीचा माणूस, दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर त्याचा पत्ता लिहिला होता. त्याला वाटलं मी दुकानातून सामानाची मागणी लिहून घ्यायला आलेय. आत टेबलावर तशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, एकाखाली एक, सुबक अक्षरात.

मी सांगितलं मी कोण. त्याने मला आत घेतलं, का ते त्यालाही कळलं नसावं. बस म्हणाला नाही. मी उभीच राहून सगळं सांगितलं. यादी, घड्याळ, आणि ते दोन शब्द. काही वगळलं नाही. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

सगळं झाल्यावर म्हणाला, "मी बसचा कंडक्टर होतो. तीस वर्षं थांब्यांची नावं पुकारली. एकही माणूस चुकीच्या थांब्यावर उतरला नाही."

मी मान हलवली.

"ते पत्र आल्यापासून मी कुणाला पत्ता तोंडाने सांगितलेला नाही. मला वाटत होतं, त्या दिवशी माझी जीभ अडखळली असणार. तिने शेवटी माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटत होतं ती म्हणतेय, नीट सांगितला असतास तर."

मग विचारलं, "मी काय म्हणालो होतो?"

मी शब्द न् शब्द सांगितला. दोन वेळा ऐकलाय, पाठ झालाय. तो म्हणाला, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितला. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी 'चुकले' म्हणायला तोंड उघडलं तर त्याने हात वर केला.

"तुम्ही आता जा," म्हणाला. "परत येऊ नका."

मी निघाले. फाटकाची कडी लावत होते तेव्हा आतून आवाज आला. कुणाशी बोलत नव्हता, घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या बसला ऐकू जावं तसा, खणखणीत. उद्यान मार्ग, नवी वसाहत, पाण्याच्या टाकीसमोरचं पिवळं घर, तळमजला.

ताई